आरोग्यशास्त्राची पदवी : कर्ज आणि कमाई यांचा मेळ

बारावीचा निकाल लागला की आरोग्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांकडे विद्यार्थ्यांचा ओढा दिसून येतो. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, भौतिकोपचार तज्ज्ञ किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ अशा कोणत्या ना कोणत्या नात्याने आपले अपत्य रुग्णालयात रुजू व्हावे, ही इच्छा पेडणे-सत्तरीच्या शेतकरी कुटुंबापासून वास्को-मडगावच्या कामगार कुटुंबापर्यंत सर्वत्र आढळते. ती रास्तही आहे. रुग्णसेवेला समाजात मान आहे आणि शिकलेल्या हातांची रुग्णालयांना नेहमीच गरज असते. परंतु या निर्णयाची चर्चा बहुतेक घरांत प्रवेश मिळेल की नाही, याच एका गोष्टीभोवती फिरते. प्रवेश मिळाला आणि बँकेने कर्ज मंजूर केले की सर्व काही पार पडले, असा समज होतो. घेतलेले कर्ज कोणत्या पगारातून फिटणार, किती वर्षांत फिटणार आणि तोवर घरात काय उरणार, याची आकडेमोड सहसा कोणी करीत नाही. ती कशी करावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम घेतला आहे, कारण ग्रामीण भागातील मुली मोठ्या संख्येने याच अभ्यासक्रमाकडे वळतात आणि कर्जाचा भारही याच ठिकाणी बारकाईने तोलावा लागतो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली असेल, तर पुढील विवेचनाची गरज फारशी पडत नाही. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा चालविणारे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो, की तेथीलच शासकीय परिचर्या शिक्षण संस्था असो, अशा संस्थांतील शिक्षणाचा मोठा खर्च शासन उचलते. तेथे शिकणाऱ्यास कर्ज लागलेच तर ते किरकोळ असते. कर्जाचा खरा प्रश्न ज्यांची शासकीय जागा थोड्या गुणांनी हुकली, त्यांच्यापुढे उभा राहतो. अशा वेळी घाट उतरून आलेली एखादी माहितीपुस्तिका घरी पोहोचते, बेळगाव, कोल्हापूर किंवा बंगळूर येथील खाजगी महाविद्यालयाची चौकशी होते, आणि आठ दिवसांत शुल्काचा पहिला हप्ता भरावयाचा असतो. निर्णय होतो तो त्या आठ दिवसांतच.

चार लाखांचे किती होतात?

एका मुलीने बी.एस्सी. नर्सिंगसाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख रुपये कर्ज घेतले, असे समजू. व्याजाचा दर दसादशे १० टक्के धरू. प्रत्यक्ष दर बँकेनुसार कमीअधिक असेल, पण १० हा आकडा हिशेबाला सोपा आहे.

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीचा हप्ता सुरू होत नाही. हा सवलतीचा काळ होय. येथे पालकांचा हमखास गैरसमज होतो. या काळात हप्ता नसतो, पण व्याज थांबलेले नसते. ते सरळव्याजाने साचत जाते. पहिल्या वर्षी उचललेल्या एक लाखावर पाच वर्षांचे ५०,००० रुपये, दुसऱ्या वर्षीच्या लाखावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० आणि चौथ्यावर २०,००० असे एकूण १,४०,००० रुपये व्याज साचते. म्हणजे परतफेड सुरू होण्याच्या दिवशी त्या मुलीच्या नावावर चार लाख नव्हे, पाच लाख चाळीस हजार रुपये निघतात. येथून पुढचे व्याज याच रकमेवर लागते.

ही रक्कम दहा वर्षांत फेडावयाची ठरविली, तर मासिक हप्ता सुमारे ७,१३६ रुपये पडतो आणि एकंदर सुमारे ८ लाख ५६ हजार रुपये भरावे लागतात. योजनेनुसार मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढविता येते. मग हप्ता ५,८०३ रुपयांवर येतो, पण एकूण भरणा १० लाख ४४ हजारांच्या घरात जातो. मुदत वाढविल्याने दरमहा तेराशे रुपयांची उसंत मिळते आणि तिच्यासाठी शेवटी १ लाख ८८ हजार रुपये जादा मोजावे लागतात. बँकेतील कर्मचारी हप्ता किती ते सांगतो. एकूण किती भरावे लागेल, हे पालकांनी आपण होऊन विचारले पाहिजे.

शिक्षण चालू असतानाच घरातून व्याज भरीत गेल्यास चित्र बरेच बदलते. पहिल्या वर्षी दरमहा सुमारे ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५०० आणि त्यापुढची दोन वर्षे ३,३३३ रुपये एवढे ते व्याज होते. सुरुवातीची रक्कम तर गणेशचतुर्थीच्या खर्चात सहज विरून जाईल इतकी लहान आहे. असे व्याज वेळच्या वेळी भरले, तर परतफेड फक्त चार लाखांची राहते. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता ५,२८६ रुपये येतो आणि एकूण सुमारे ८२ हजार रुपये वाचतात. नियमाने व्याज भरणाऱ्यांना आदर्श योजनेत व्याजदरात एक टक्क्याची सवलत देण्याचीही तरतूद आहे. काही बँका मुलींसाठी अर्ध्या टक्क्याची वेगळी सवलत देतात. अर्ज भरतानाच या दोन्हींविषयी विचारणा करावी.

पगार कोणता धरावा?

हिशेबाची दुसरी बाजू कमाईची. येथे सर्वांत मोठी चूक होते ती पगाराचा आकडा निवडताना. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून केंद्रीय रुग्णालयांतील परिचारिकेस ४४,९०० रुपये प्रारंभिक मूळ वेतन ठरवून दिले. त्यावर महागाई भत्ता आणि अन्य भत्ते निराळे. माहितीपुस्तिकेत छापला जातो तो अशाच एखाद्या वेतनाचा आकडा. ७,१३६ रुपयांचा हप्ता या मूळ वेतनाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. अशा नोकरीत चार लाखांचे कर्ज भारी वाटणार नाही.

परंतु शासकीय पदे मोजकी असतात. जाहिरात केव्हा निघेल याचा नेम नसतो आणि निघाली तरी काही पदे कंत्राटी असतात. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या बहुतेक मुलींची पहिली नोकरी खाजगी रुग्णालयात किंवा लहान शुश्रूषागृहात असते. तेथील वेतनाची स्थिती देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. प्रशिक्षित परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाला समिती नेमण्याचे निर्देश दिले. त्या समितीच्या शिफारशी प्रत्येक नर्सिंगच्या विद्यार्थिनीने वहीत लिहून ठेवाव्यात अशा आहेत. दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने राज्य शासनाच्या बरोबरीने वेतन द्यावे. शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयातील वेतन त्याहून दहा टक्क्यांपेक्षा, आणि पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयातील वेतन पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी असू नये. पन्नासहून कमी खाटा असल्यास निदान २०,००० रुपये तरी द्यावेत. या शिफारशी आहेत. त्या अंमलात आणण्याचे काम राज्यांकडे असून सर्वत्र ते सारख्या तत्परतेने झालेले नाही. ज्या नोकरीसाठी एका राष्ट्रीय समितीला वीस हजारांची किमान मर्यादा सुचवावी लागली, तिच्यात याहूनही कमी पगार दिला जात होता, हे वाचकांनी यावरून ओळखावे.

केरळचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. आपल्याकडील अनेक रुग्णालयांत मल्याळी परिचारिका वर्षानुवर्षे काम करीत आहेत, त्यामुळे ते आपणांस परकेही नाही. तेथील हजारो कुटुंबांनी मुलींच्या नर्सिंगसाठी कर्जे काढली. पदव्या मिळाल्या, पण खाजगी रुग्णालयांतील पगारातून हप्ते भागेनात. २०१२ च्या सुमारास तेथे परिचारिकांचे मोठे संप झाले. २०१७ मध्ये केरळ शासनाला थकलेल्या शैक्षणिक कर्जांच्या परतफेडीस साहाय्य करणारी योजना आणावी लागली, आणि २०१८ मध्ये परिचारिकांसाठी २०,००० रुपये किमान वेतनाची अधिसूचना निघाली. परिचारिका घडविण्यात अग्रेसर असलेल्या राज्यात हे घडले, ही गोष्ट आपण विसरू नये.

तेव्हा हिशेबात धरावयाचा पगार हा पहिल्या नोकरीचा, खाजगी रुग्णालयातील आणि आपल्या भागात प्रत्यक्ष मिळणारा असावा. तो वीस हजार धरला, तर ७,१३६ रुपयांचा हप्ता एक तृतीयांशाहून अधिक पगार घेऊन जातो. उरलेल्या पावणेतेरा हजारांत म्हापशाला किंवा फोंड्याला खोलीचे भाडे, जेवणखाण, रात्रपाळीनंतरचा प्रवास आणि घरी पाठवावयाची रक्कम बसवावी लागते. ते जमत नाही, मग हप्ता चुकतो. हप्ता चुकला की बाप सहकर्जदार असल्याने बँकेचे पत्र गावी येते, आणि पतनोंदीत मुलीबरोबर बापाचेही नाव खराब होते. पुढे त्याला शेतीसाठी वा घरदुरुस्तीसाठी कर्ज हवे असते तेव्हा ही नोंद आड येते.

उलट बाजूने हिशेब

प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून मोठा हप्ता कोणत्याही नवशिक्या परिचारिकेने पत्करू नये. हा काही बँकेचा नियम नव्हे, संसाराच्या खर्चाचा अंदाज आहे. वीस हजारांचा चौथा हिस्सा पाच हजार. दरमहा पाच हजारांत, दहा वर्षांच्या मुदतीत आणि १० टक्के दराने, परतफेडीच्या आरंभी सुमारे ३ लाख ७८ हजार रुपयांचे देणे फिटू शकते. साचणारे व्याज वजा केले तर चार वर्षांत मिळून मूळ कर्ज २ लाख ८० हजार, म्हणजे वर्षाला सत्तर हजारांहून अधिक नसावे. महाविद्यालयाचा खर्च यापेक्षा जास्त असेल, तर वरची रक्कम कुटुंबाच्या बचतीतून येणार आहे काय, हा प्रश्न आहे. खर्चात केवळ शिक्षणशुल्क धरून चालत नाही. वसतिगृह, खाणावळ, गणवेश, परीक्षा शुल्क, प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च आणि सुट्ट्यांतील गावचे प्रवास यांची बेरीज पुष्कळदा शिक्षणशुल्काच्या जवळपास जाते.

हाच हिशेब कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास फार वेगळा होतो. केंद्र शासनाच्या व्याज अनुदान योजनेनुसार अशा कुटुंबातील विद्यार्थ्याचे सवलतीच्या काळातील संपूर्ण व्याज शासन भरते. ही योजना २००९-१० पासून चालू आहे. आपल्या उदाहरणातील १,४०,००० रुपये त्यामुळे वाचतात आणि चार लाखांचे कर्ज परतफेडीच्या दिवशीही चार लाखच राहते. वर सांगितलेली वर्षाला सत्तर हजारांची मर्यादा या अनुदानामुळे चौऱ्याण्णव हजारांवर जाते. उत्पन्नाच्या एका दाखल्याचे मोल इतके आहे! शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतींच्या सचिवांनी हा मुद्दा पालकांना आवर्जून सांगावा.

मात्र या अनुदानाला अटी आहेत. कर्ज आदर्श योजनेखाली अनुसूचित बँकेकडून घेतलेले असले पाहिजे. गावच्या पतसंस्थेकडून किंवा सोने गहाण ठेवून घेतलेल्या रकमेवर ते मिळत नाही. ते एकदाच मिळते, आणि शिक्षण मध्येच सोडल्यास हातचे जाते. महाविद्यालयाला मान्यता असणेही आवश्यक आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमाच्या बाबतीत भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र जुने असू शकते, तेव्हा चालू वर्षाची मान्यता तपासावी.

तारणाविषयीची भीती अनेकांच्या मनात असते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या पत हमी निधीचे संरक्षण मिळते. या संरक्षणाखालील कर्जास तारण लागत नाही, की तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही. पालक सहकर्जदार म्हणून सही करतात तेवढे पुरे असते. जमिनीचा कागद मागितला गेल्यास तो कोणत्या नियमानुसार मागितला, हे लेखी विचारण्याचा अधिकार अर्जदारास आहे. गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना वास्तव्य व गुणवत्तेच्या अटी पूर्ण करणाऱ्यांना उपलब्ध असते. बिनव्याजी चार लाख दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले तर महिन्याला ३,३३३ रुपये होतात. बँकेच्या ७,१३६ शी याची तुलना वाचकांनीच करावी. बँकेत जाण्यापूर्वी महामंडळाकडे चौकशी करणे हे म्हणूनच शहाणपणाचे.

अन्य अभ्यासक्रम

इतर अभ्यासक्रमांना हीच रीत लागू पडते. औषधनिर्माणशास्त्रात तर एक विशेष गोष्ट आहे. औषधांच्या दुकानासाठी नोंदणीकृत औषधनिर्माता होण्यास दोन वर्षांची पदविका पुरेशी असते. ज्याला गावात दुकानच टाकावयाचे आहे त्याने चार वर्षांच्या पदवीसाठी दुप्पट कर्ज काढण्यापूर्वी थांबून विचार करावा. कारखान्यात वा संशोधनात जावयाचे असेल तर पदवीला पर्याय नाही. भौतिकोपचाराच्या पदवीधराला केंद्र शासनात ३५,४०० रुपये प्रारंभिक मूळ वेतन असले तरी शासकीय पदे परिचारिकांच्या मानाने फारच थोडी आहेत, आणि स्वतःचा दवाखाना चालू लागण्यास काही वर्षे जातात. त्या वर्षांत हप्ता कोण भरणार?

एम.बी.बी.एस. च्या खाजगी जागेचा आकडा वेगळ्याच पातळीवरचा आहे. परतफेडीच्या आरंभी देणे पन्नास लाख असेल, तर पंधरा वर्षांच्या मुदतीतही मासिक हप्ता सुमारे ५३,७३० रुपये पडतो. केंद्र शासनातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रारंभिक मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. शिवाय साडेपाच वर्षांनंतर बहुतेक तरुण डॉक्टर पदव्युत्तर शिक्षणासाठी आणखी तीन वर्षे देतात. इतक्या मोठ्या कर्जाला तारण लागते, आणि ते तारण म्हणजे बहुधा कुळागर किंवा राहते घर असते.

परदेशातील नोकरीचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण ‘मुलगी आखातात गेली की दोन वर्षांत कर्ज फिटेल’ असे वाक्य पालकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. काहींचे तसे फिटतेही. पण परदेशी जाण्यापूर्वी साधारणपणे रुग्णालयातील दोनेक वर्षांचा अनुभव, त्या देशाची परीक्षा आणि भाषेची चाचणी लागते. ती वर्षे येथल्याच पगारावर काढावयाची असतात आणि हप्ता त्याच वर्षांत सुरू होतो. दलालांनी लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारींमुळे केंद्राने २०१५ मध्ये आखातासह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती शासकीय संस्थांमार्फतच व्हावी असे ठरविले. नर्सिंगच्या कर्जावर दलालाचे दुसरे कर्ज चढविणे हा या साऱ्या प्रकारातील सर्वांत धोक्याचा भाग आहे.

मुलीचे कर्ज कोणाचे?

एक नाजूक बाब राहिली. कर्ज मुलीच्या नावावर असते, आणि परतफेडीची दहा वर्षे नेमकी तिच्या लग्नाच्या व बाळंतपणाच्या वयात येतात. लग्न ठरविताना हे कर्ज लपविले जाते, किंवा ते आहे म्हणून स्थळ मोडते, असे दोन्ही प्रकार ऐकिवात आहेत. लग्नानंतर नोकरी सुटली तर हप्ता पुन्हा वृद्ध बापाकडे येतो. यावर उपाय म्हणून मुलीला शिकवूच नये, असे म्हणणारे लोक अजूनही भेटतात. त्यांचे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. कर्जाची रक्कम पहिल्या पगाराला झेपेल एवढी ठेवली, शिक्षणाच्या काळातील व्याज भरले, आणि बोलणी करताना हप्त्याचा आकडा सरळ सांगितला, तर लपविण्यासारखे काही उरत नाही. नोकरीत खंड पडल्यास आदर्श योजनेत परतफेड स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. कर्जाच्या एकंदर मुदतीत दोन-तीनदा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, बँक अशी स्थगिती देऊ शकते. त्यासाठी हप्ता चुकण्याच्या आधी अर्ज करावा लागतो.

कर्जाचा अर्ज केंद्र शासनाच्या विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून करता येतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारणाविना व जामिनाविना कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज-सवलतही आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे काय ते आधी पाहावे. अर्जासोबत बारावीचे गुणपत्रक, प्रवेशाचे पत्र, वर्षवार खर्चाचे महाविद्यालयाने दिलेले पत्रक, पालकांचा उत्पन्नाचा दाखला आणि ओळखीची व रहिवासाची कागदपत्रे लागतात. उत्पन्नाचा दाखला निकालानंतरच्या गर्दीत वेळेवर हाती येत नाही. त्यासाठी मामलेदार कार्यालयात एप्रिल महिन्यातच अर्ज करून ठेवावा.